दहा मिनिटं पुढचं घड्याळ

‘तांत्रिक अडचणीमुळे’ या शब्दांनी सुरू होणारी सूचना मी पुढे वाचत नाही. ती बँकेच्या दारावर असो, परीक्षा केंद्रावर असो, की दाखले मिळायच्या खिडकीवर. माझी उभी नोकरी संगणक सांभाळण्यात गेली आणि माझा अनुभव असा आहे की बहुतेक तांत्रिक अडचणींना नाव असतं, आडनाव असतं आणि बसायला फिरती खुर्ची असते. यंत्राला तोंड नाही, म्हणून त्याच्यावर ढकलायचं. यंत्राशेजारी कुणी कमी पगाराचा माणूस उभा असेल तर त्याच्यावर.

मी लातूरच्या एका मोठ्या कोचिंग संस्थेत संगणक विभाग पाहत होते. संस्थेचं नाव लिहीत नाही. लातूरकरांना अंदाज बांधायचा असेल तर खुशाल बांधावा; तो चुकेल, कारण असले प्रकार इथे दर दुसऱ्या इमारतीत झालेले आहेत. गावोगावची मुलं डॉक्टर व्हायला लातुरात येतात, त्यांच्या शिक्षकांचे फोटो चौकाचौकात लागतात. त्या शिक्षकांचा संगणक सकाळी चालू का होतो, हे मात्र कुणी विचारत नाही. बंद पडला की मगच विचारतात.

माझं काम बाहेरच्यांना सांगायचं तर असं. ऑफिसातला संगणक हा वापरणाऱ्याचा नसतो, ऑफिसचा असतो. त्यावर कोण काय करू शकेल हे मी एका जागी बसून ठरवायचे. पत्र लिहा, मार्क भरा, छापा, वाचा. पण तारीख-वेळ बदलणं, नवा प्रोग्राम टाकणं, व्हायरस रोखणारी यंत्रणा बंद करणं, नेटवर्कला हात लावणं, हे बंद. एसटीत बसलेल्या माणसाला खिडकी उघडता येते, सीट बदलता येते. घंटीची दोरी कंडक्टरची आणि गिअर ड्रायव्हरचा. प्रवासी तहसीलदार असला तरी तो गिअरला हात घालत नाही, आणि त्यात त्याला अपमानही वाटत नाही. ऑफिसात मात्र वाटतो. का वाटतो, ते मला अजून कळलेलं नाही.

सुरुवातीला सगळ्यांनाच सगळं करता यायचं. त्या काळातले माझे दिवस आग विझवण्यात गेले. प्रवेश विभागातल्या एका काकांना तारीख मराठी आकड्यांत हवी होती, म्हणून त्यांनी भाषेच्या सेटिंगमध्ये शिरून काय काय दाबलं. चाचणी परीक्षेच्या प्रवेशपत्रांवर मुलांच्या नावांच्या जागी नुसते चौकोन छापून आले. काका म्हणाले, “बाई, मी कुठं काय केलं, मी तर फक्त ओके ओके म्हणत गेलो.” रसायनशास्त्राच्या एका सरांना व्हायरस रोखणारा प्रोग्राम मध्ये मध्ये टोकतो म्हणून राग होता. त्यांनी तो काढूनच टाकला आणि भाच्याच्या लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह लावला. फोटोंबरोबर आलेला पाहुणा सगळ्या शिक्षकखोलीत पंगतीला बसला. प्रश्नपत्रिका गेल्या, त्या पुन्हा टाइप कराव्या लागल्या. सर मला म्हणाले, “तुमचं सॉफ्टवेअरच कच्चं हाय.”

त्यानंतर मी एकेकाचे अधिकार काढून घेतले. दंगा झाला. एकानेही असं विचारलं नाही की या अधिकाराचा मला उपयोग काय होता. प्रत्येकाने एकच विचारलं, “त्यांचा काढला का?” त्यांचाही काढला म्हटलं की माणूस गप्प बसायचा. गाडी चालवायची कुणालाच नव्हती. गिअरवर हात ठेवून फोटो काढायचा होता.

सगळ्यात मोठा दंगा मामासरांनी केला. ते आमच्या संस्थापकांचे मेहुणे. संस्थापकांना सगळे मोठे सर म्हणतात. त्यांच्या मुलांचे मामा म्हणून हे मामासर. शिकवत काहीच नाहीत. नांदेडची शाखा सुरू झाली तेव्हा मोठ्या सरांनी त्यांना तिथे प्रमुख म्हणून बसवलं. त्यांनी आल्या आल्या केबिनला काच लावली, दारावर पाटी लावली, आणि मग मला फोन लावला.

“बाई, माझ्या मशीनमध्ये मला टाइम बदलू देऊन नाही राहिलं.”

“कुणालाच देत नाही, सर.”

“मी कुणीच हाय का? शाखा माझ्याकडं हाय. माझ्याच दफ्तरात मला परमिशन न्हाई म्हणजे शिपायासमोर माझी काय इज्जत राहिली?”

“शिपायालाही नाही, सर. बरोबरीत आहात.”

हे बोलायला नको होतं असं नंतर कुणी कुणी मला सांगितलं. मला तसं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

आता वेळ का बदलायची होती, ते सांगते. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

भूकंप झाला तेव्हा मी बारावीला होते. आमचं गाव औसा तालुक्यातलं. त्या पहाटेबद्दल मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी तो दिवाळीत वाचायचा मजकूर नाही. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. मोठे सर तेव्हा मोठे नव्हते. नुकतेच पास झालेले, हडकुळे, एक शर्ट धुऊन एक घालणारे शिक्षक. त्यांनी लातुरात एका पत्र्याच्या शेडमध्ये आमच्यासारख्या मुलांना फिजिक्स शिकवायला सुरुवात केली. शेडच्या खांबाला एक घड्याळ होतं आणि ते सरांनी मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवलं होतं. कारण साधं. आमच्या बाजूला जाणारी शेवटची एसटी संध्याकाळी सुटायची आणि सरांना शिकवताना भान राहायचं नाही. त्या घड्याळात तास संपला की आम्ही धावत सुटायचो आणि गाडी सापडायची. त्या दहा मिनिटांनी मी बारावी पास झाले, असं म्हटलं तरी चालेल. सरांचे उपकार मी तेव्हाही मानले आणि आजही मानते. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवावं.

पुढे शेडची इमारत झाली, इमारतीच्या चार झाल्या. गावाकडून रोज एसटीने येणारी मुलं राहिली नाहीत, ती वसतिगृहात आणि खोल्यांवर राहू लागली. घड्याळं मात्र दहा मिनिटं पुढेच राहिली. प्रत्येक वर्गात, प्रत्येक जिन्यावर. आता त्याला ‘सरांचं घड्याळ’ म्हणायचे. सत्काराच्या भाषणात त्याचा उल्लेख व्हायचा. बाहेरच्या वेळेने बरोबर आलेला शिक्षक दहा मिनिटं उशिरा आला म्हणून बोलणी खायचा. जे मुलांसाठी होतं, ते माणसांना दाबायच्या कामी आलं. शेवटची गाडी कुठली, हे विचारलं असतं तर त्या इमारतीत कुणाला सांगता आलं नसतं.

अडचण संगणकांची झाली. भिंतीवर अकरा वाजून दहा मिनिटं आणि पडद्याच्या कोपऱ्यात अकरा. मोठ्या सरांना ते खुपायचं. त्यांनी मला बोलावलं.

“सुलभा, मशीनपण आपल्या टाइमवर आण ना गं.”

“सर, ते होणार नाही. प्रत्येक मशीन सकाळी मुख्य मशीनला सांगतं की मी अमुक, मला आत घे. मुख्य मशीन आधी त्याचं घड्याळ बघतं. पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक दिसला की त्याला ते मशीन लबाड वाटतं. चोर जुनी चिठ्ठी दाखवून आत शिरू नये म्हणून ती सोय आहे.”

“मग मुख्य मशीनच पुढं कर.”

“मग बाहेरचं जग आपल्याला लबाड समजेल. परीक्षेचे फॉर्म, बँक, सगळं. वेळ ही एक गोष्ट आपल्या एकट्याची नसते, सर.”

सर हसले. “बरं बाई, राहू दे,” म्हणाले. पण ते त्यांना लागलं होतं. आणि दाजींना लागलं की मेहुण्याच्या ध्यानात राहतं.

आता पाकीट. कुठल्याही व्यवस्थेत एक मुख्य खातं असतं, ज्याला काहीच बंद नसतं. त्याचा पासवर्ड मी रोजच्या कामाला वापरत नसे. मी उद्या एसटीखाली आले तर संस्था अडू नये म्हणून तो एका पाकिटात, वर लाख लावून, मोठ्या सरांच्या कपाटात ठेवला होता. माझ्याशिवाय आणि त्यांच्याशिवाय तो कुणापाशी नसावा, आणि पाकीट फोडलं तर मला त्याच दिवशी सांगावं, एवढा एकच करार. सर तेव्हा म्हणाले होते, “माझ्या कपाटाला हात लावायची कुणाची हिंमत हाय?”

वर्षा ही नांदेडच्या लॅबची सहायक. बिलोलीकडची मुलगी, वडील शेतात, भाऊ मोंढ्यावर, धान्याच्या बाजारात. तिला मीच निवडलं होतं, कारण मुलाखतीत मी विचारलं, मशीन चालू होत नसेल तर आधी काय करशील, तर बाकीचे काय काय सांगत होते आणि ती म्हणाली, “बटण चालू हाय का ते बघीन.” कंत्राटावर होती. त्या वर्षीची निवड परीक्षा नीट पार पाडली की तिला कायम करायचं ठरलं होतं. मी स्वतः मोठ्या सरांकडून तसा शब्द घेतला होता. तिच्या घरी तिच्या लग्नाची घाई चालली होती आणि कायम नोकरी एवढं एकच उत्तर तिच्यापाशी होतं.

निवड परीक्षा म्हणजे गावाकडच्या हुशार मुलांना फी माफ करून घेण्यासाठीची परीक्षा. ती संगणकावर व्हायची. त्या रविवारी नांदेडला देगलूर, धर्माबाद, मुखेड, सगळीकडून मुलं येणार होती आणि खुद्द मोठे सर पाहायला येणार होते. त्याच आठवड्यात मामासर लातूरला घरी येऊन गेले. बहिणीच्या हातचं जेवले आणि जाताना दाजींकडून पाकीट घेऊन गेले. मोठ्या सरांनी ते स्वतः कपाट उघडून दिलं. घरच्या माणसाला नाही कसं म्हणायचं. मला कुणी सांगितलं नाही.

शनिवारी संध्याकाळी मामासरांनी लॅबमधल्या एकूण एक मशीनवर मुख्य खात्याने शिरून घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. मशीन पुन्हा पुन्हा खऱ्या वेळेवर येत होतं, म्हणून आपोआप वेळ जुळवायची सोयही बंद केली. एवढं डोकं त्यांनी शाखेसाठी कधी चालवलं नव्हतं. वर्षा समोर होती. ती म्हणाली, “सर, ताईंनी न्हाई म्हणलंय, मशीन आत घ्यायची न्हाईत.” त्यावर ते म्हणाले, “ताईला सांग, आता मामाकडंच किल्ली हाय. जा, चहा सांग.” तिने मला फोन करावा की नाही याचा विचार केला आणि केला नाही. प्रमुखाची तक्रार कंत्राटी मुलगी करत नसते. तिला दोष देणाऱ्याने आधी कंत्राटावर राहून पाहावं.

रविवारी सकाळी मी लातूरला लॅबमध्ये होते. फोन आला.

“ताई, एकबी मशीन आत घेऊन नाही राहिली. सगळ्यांचं तेच. पोरं बसलीत, बाहेर मायबाप उभे हायत.”

“पडद्यावर किती वाजलेत?”

“दहा-दहा.”

“आणि तुझ्या मोबाइलवर?”

तिने कानाचा मोबाइल काढून बघितला. मग हळूच म्हणाली, “दहा.” आणि मग सगळं सांगितलं.

मला इथून काही करता येईना, कारण ती मशीन माझ्या मुख्य मशीनलाही जवळ येऊ देत नव्हती. मुख्य पासवर्डही तिथे चालेना, आणि हे ज्यांनी केलं ते मामासर मोठ्या सरांना घ्यायला गेले होते. हार आणि नारळ घेऊन शहराच्या वेशीवर उभे. फोन उचलत नव्हते. मी एका मागोमाग एक लावत राहिले. एकदा उचलला तर मागे हलगी ऐकू आली आणि “आता सर यायलेत, नंतर” म्हणून ठेवला.

प्रत्येक मशीनला स्वतःचा एक वेगळा पासवर्ड असतो, मुख्य मशीनला न विचारता फक्त त्या एका मशीनमध्ये शिरण्यासाठी. ते सगळे माझ्यापाशी होते. ते कुणाला सांगायचे नाहीत हा माझाच नियम, आणि तो मी तिथल्या तिथे मोडला. नियम मुलांसाठी असतो. मुलं खुर्चीत बसून रडायला लागल्यावर तो कपाटात ठेवायचा असतो. मी वाचत गेले, वर्षा टाइप करत गेली.

“मोठा के, छोटा टी, सात, शेपटीवाला ए.”

“पुन्हा सांगा ताई, इथं लई कालवा चाललाय.”

“शेपटीवाला. जिलबीसारखा.”

“हाव, झालं. घड्याळ मागं घेतलं. पुढचं.”

ओळीने, एकेक मशीन, खाली वाकून. एकदाही चुकली नाही. दारात उभे असलेले मायबाप हे सगळं बघत होते: मशीन चालेनात, आणि ही मुलगी फोन कानाला लावून एकेका मशीनवर काहीतरी करत फिरतेय. हे चित्र लक्षात ठेवा.

शेवटचं मशीन आत आलं आणि परीक्षा सुरू झाली. फार उशीर झाला होता. पेपर अर्ध्यावर असताना देगलूरकडचे एक गृहस्थ दारात येऊन मुलीला खुणावू लागले. वर्षाने त्यांना थांबवलं.

“काका, अजून वेळ हाय पेपरला.”

“पेपरला हाय माय, गाडीला न्हाई. आमच्या गावाला ही एकच गाडी. ती गेली तर लेकीला घेऊन रातच्याला कुठं ऱ्हाऊ?”

मुलगी उठली. पडद्यावर अर्धे प्रश्न तसेच सोडून, चप्पल घालून बापामागे निघून गेली. तिच्यामागून आणखी काही उठली. हे मला वर्षाने नंतर सांगितलं. मला त्या मुलीचं नाव माहीत नाही. निवड यादीत ती नव्हती, एवढं माहीत आहे. अर्धा पेपर टाकून गेलेल्यांपैकी कुणीच नव्हतं.

मोठे सर हार घालून आले ते थेट पालकांच्या गर्दीत सापडले. “ही कसली संस्था? फुकट शिकवता म्हणून फुकटची वागणूक देता का?” असं एक बाई त्यांच्या तोंडावर बोलल्या. मामासर पुढे झाले आणि मोठ्याने म्हणाले, “तांत्रिक अडचण हाय, शांत व्हा. मशीनला कुणी हात लावला ते बघतो मी.” आणि गर्दीतूनच कुणीतरी म्हणालं, “त्या पोरीनं लावला, आम्ही सगळ्यांनी बघितलं.”

तिने लावला होताच. दुरुस्त करायला.

दोन दिवसांनी लातूरला मोठ्या सरांच्या केबिनमध्ये बैठक झाली. सर, मामासर, मी, आणि नांदेडहून बोलावून घेतलेली वर्षा. सर आणि मामासर बसले होते. मी बसले. वर्षाला कुणी बस म्हटलं नाही, म्हणून मी तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती उभीच राहिली.

“सुलभा, मशीनमधली नोंद काय सांगते?” सरांनी विचारलं.

“शनिवारी संध्याकाळी मुख्य खात्यातून घड्याळं फिरवली, एवढंच. कुणी ते नोंदीत येत नाही. एकच किल्ली दोघा-तिघांकडे असली की कुलूप माणूस ओळखत नाही.”

मामासर लगेच म्हणाले, “तेच म्हणतोय मी. ही दिवसभर मशिनीवर असती. पासवर्ड बघितला असंल कुठंतरी.”

“हिच्याकडे मुख्य पासवर्ड असता तर रविवारी मला फोन कशाला केला असता? स्वतःच उघडली असती की सगळी.”

“घाबरली असंल.”

“घाबरलेला माणूस फोन उचलत नाही, सर. तुमच्यासारखा.”

“दाजी, बघा. ही माझ्यासंगं कशी बोलून राहिली बघा.”

मी मोठ्या सरांकडे वळले. “सर, पाकीट मागवा. लाख शाबूत असेल तर मी आत्ता, इथेच माफी मागते. मामासरांची, पाया पडून.”

ज्या माणसाने आम्हाला शेडमध्ये शिकवलं की उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा, पण खोटं लिहू नका, तो माणूस कपाटाकडे पाहत नव्हता. टेबलावरचा पेपरवेट फिरवत होता. इतका राग मला त्या मेहुण्याचा आला नाही. तो होताच तसा. ज्याला माहीत आहे आणि जो गप्प आहे, त्याचा राग वेगळा असतो. तो जात नाही. हे लिहितानाही गेलेला नाही.

शेवटी सर म्हणाले, “कुणाचंच नाव नको. पालकांना कळवू, तांत्रिक अडचण होती. घरातली गोष्ट घरात. आणि वर्षा, तुझं कंत्राट संपलं की... पुढचं पुढं बघू.”

‘बघू’ म्हणजे काय ते या भागात शेंबड्या पोरालाही कळतं.

वर्षा पहिल्यांदा बोलली. आवाज चढला नव्हता.

“सर, नाव नको म्हणता आणि नोकरी माझी काढता. मग नाव लिहिलंच की.”

मामासर म्हणाले, “लई बोलायलीस.”

“हाव सर. शनिवारी बोलले तर चहा सांगायला लावलात. आज चहा आलाय आधीच.”

मी उठले. तिच्यासाठी ओढलेली खुर्ची भिंतीला लावली, तिच्यावर चढले आणि सरांच्या डोक्यावरचं घड्याळ काढलं. मागची चावी फिरवून ते दहा मिनिटं मागे घेतलं आणि परत खिळ्याला अडकवलं. कुणी अडवलं नाही. साडी सावरत खाली उतरून मी म्हटलं, “याला पासवर्ड लागत नाही, सर. म्हणून तुम्हा लोकांना वाटतं सगळंच असं फिरवता येतं. ही दहा मिनिटं शेवटची गाडी सापडावी म्हणून होती. परवा या दहा मिनिटांपायी देगलूरची पोरगी पेपर टाकून गाडी गाठायला गेली. तुम्ही तेव्हा हार घालून घेत होता.”

सरांचा चेहरा उतरला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मग ते म्हणाले, “राहू दे तिला. करू कायम.”

“आणि पत्रात?” वर्षाने विचारलं.

“पत्रात तांत्रिक अडचणच लिहावं लागेल. घरच्या माणसाचं नाव कसं लिहू?”

“मग मला नको, सर. मायबापांनी मला बघितलंय मशीनला हात लावताना. तुम्ही नाव न्हाई लिहिलं तर ते माझंच वाचतील. उद्या नांदेडात कुठं जाऊ मी तोंड घेऊन?”

तिने पर्स उचलली आणि नांदेडची गाडी धरायला निघून गेली. कुणी तिला ठरवून फसवलं असतं तर निदान भांडता आलं असतं. इथे सगळे सज्जन होते.

पत्र तसंच गेलं. त्यावर विभागप्रमुख म्हणून माझी सही हवी होती, ती मी केली नाही. सरांनी स्वतःची केली. मी राहिले. अशा वेळी राजीनामा फेकणं ही ज्यांना परवडते त्यांची चैन आहे, माझ्या घरी दोन मुलं शिकत होती. पण त्याच दुपारी मी मुख्य खात्याचा पासवर्ड बदलला. प्रत्येक अधिकाराला आता एकाच माणसाचं नाव, सामायिक किल्ली बंद. मोठ्या सरांचे अधिकारही मी काढले आणि तसं त्यांना समोर जाऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली. पुन्हा कधी मागितले नाहीत. पुढे जी लाखेची पाकिटं केली त्यांत अर्धा अर्धा पासवर्ड ठेवला, दोन वेगळ्या माणसांपाशी, आणि त्यांतला एकही सोयरा नाही, हे बघून. कामाची ही रीत मी तिथे शिकले, असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणावं. ती एका मुलीच्या नोकरीच्या आणि दुसरीच्या पेपरच्या किमतीत शिकायची गरज नव्हती. मी आधीच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या केबिनमधलं घड्याळ पुन्हा दहा मिनिटं पुढे होतं. मामासर आजही नांदेडला प्रमुख आहेत. काचेची केबिन मोठी झाली आहे.

आता मी नोकरी सोडून नांदेड-लातूरमधल्या लहान ऑफिसांची मशीन बघते. वर्षा काही काळ घरी होती. लग्न तिने तिला हवं तेव्हाच केलं. आता ती बिलोलीला एका ऑफिसात संगणक सांभाळते. मधूनमधून अडलं की फोन करते, आणि न अडताही. यंदा गणपतीच्या आधी असाच आला.

“ताई, नवे साहेब आलेत. सगळे अधिकार द्या म्हणून मागं लागलेत. म्हणतात, मी साहेब हाय, मलाबी बंद का?”

“मग? काय केलंस?”

“काय न्हाई. सही घ्यायच्या निमित्तानं केबिनमध्ये गेले आन् आधी भिंतीवरचं घड्याळ बघितलं.”

“किती होतं?”

“सात मिनिटं पुढं,” ती म्हणाली. “म्हणलं, साहेब, न्हाई भेटत.”